बंद बटणामागचा कोड

आयबीएम ७०४ हा १९५०च्या दशकातला संगणक. त्याच्या पॅनेलवर सहा खटके असे होते की त्यांचं काम यंत्र बनवणाऱ्यांनी ठरवलेलंच नव्हतं. ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ठरवायचं. १९५६ च्या फोरट्रान पुस्तिकेत त्यासाठी स्वतंत्र विधान होतं: अमुक क्रमांकाचा ‘सेन्स स्विच’ खाली असेल तर या ओळीवर जा, वर असेल तर त्या ओळीवर. प्रोग्रॅम तोच राहायचा, पण यंत्राशेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरनं खटका पाडला की त्याची वागणूक बदलायची. कोबॉलमध्ये हीच सोय ‘यूपीएसआय’ नावाच्या आठ स्विचांच्या रूपानं टिकली. वाय-टू-केच्या धामधुमीत जुने कोबॉल प्रोग्रॅम उपसणाऱ्या पुण्या-मुंबईच्या अनेकांना ते आठवतही असतील.

प्रोग्रॅम न बदलता त्यातली एखादी सोय चालू-बंद करणारा खटका म्हणजे फीचर फ्लॅग, आणि त्याचं कूळ असं मागं नेता येतं. पण मधली पन्नास वर्षं हा खटका अडगळीतच होता. सॉफ्टवेअर चकत्यांवर भरून विकलं जायचं. काय द्यायचं आणि काय वगळायचं हे सी भाषेतल्या ‘इफडेफ’नं कंपाइल करतानाच ठरायचं, आणि डबा ग्राहकाच्या घरी गेला की विषय संपला. वेबनं हे उलटंपालटं केलं. आता सर्व्हर आपलाच होता, तो दिवसातून कितीही वेळा बदलता येत होता, आणि बदल चुकला तर लाखो लोकांच्या डोळ्यांदेखत चुकणार होता.

तेव्हाची सर्वमान्य रीत म्हणजे ब्रँच. नवं काम मुख्य कोडपासून वेगळं काढायचं, महिना-दोन महिने तिकडं राबायचं आणि मग मर्ज करायचं. मधल्या काळात मुख्य कोडही पुढं सरकलेला असे, त्यामुळं मर्जचा आठवडा म्हणजे टीममधल्या भांडणांचा हंगाम. फ्लिकर या फोटो साठवण्याच्या संकेतस्थळानं ब्रँचच बाजूला ठेवल्या. सगळे एकाच ट्रंकवर, म्हणजे मुख्य कोडवर, काम करायचे आणि अर्धवट कोडही प्रॉडक्शनवर जायचा, फक्त एका ‘इफ’च्या आड. दुकानात माल रचून झाला तरी शटर खालीच ठेवावं, तशातला हा प्रकार. जून २००९ मध्ये जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी कॅलिफोर्नियातल्या व्हेलॉसिटी परिषदेत, फ्लिकरवर दिवसाला दहाहून अधिक डिप्लॉय कसे होतात ते सांगितलं. एका आठवड्याचा त्यांचा हिशेब १८ माणसं, ४९६ बदल आणि ६७ डिप्लॉय असा होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचा सहकारी रॉस हार्म्स यानं ही पद्धत उदाहरणासह लिहून काढली. उदाहरणातल्या फ्लॅगवर एकशिंगी घोड्यांचा पोलो चालू-बंद व्हायचा. त्याची ही नोंद आणि तिच्यातला छोटासा कोड पुढची कित्येक वर्षं हातोहात फिरला.

फेसबुकनं आणखी एक डाव खेळला. २००८ मध्ये चॅट आणताना प्रश्न होता तो सुमारे सात कोटी लोकांचा भार एका रात्रीत झेलण्याचा. मग उद्घाटनाआधीच लोकांच्या ब्राउझरमधली फेसबुकची पानं गुपचूप चॅटच्या सर्व्हरशी बोलू लागली, लटके निरोप पाठवू लागली. पडद्यावर मात्र एक चौकट किंवा एक बटणसुद्धा दिसत नव्हतं. वापरणाऱ्यांना न विचारता त्यांच्याच यंत्रांकडून रंगीत तालीम करवून घेणं कितपत बरं, हा वेगळा वाद. पण चॅट उघडलं तेव्हा सर्व्हर तयार होते.

२०१० पासून ही घरगुती युक्ती उघड्या कोडच्या रूपात बाहेर पडू लागली. रूबीसाठी ‘रोलआउट’ आलं, जँगोसाठी ‘वॅफल’ आणि डिस्कसचं ‘गार्गॉइल’, जावासाठी ‘टॉगल्झ’ आणि ‘एफएफ४जे’. प्रत्येकाचा पिंड वेगळा, तरी गाभा बहुतेकांचा एकच. पाच टक्के लोकांना नवं पान दाखवायचं तर सहसा चिठ्ठ्या टाकत नाहीत. वापरणाऱ्याच्या आयडीचं हॅशिंग करून १ ते १०० मधला एक आकडा काढतात आणि तो पाच किंवा त्याखाली असेल तर नवं पान उघडतं. आयडी तोच, म्हणून आकडाही तोच, म्हणून आज नवं दिसलेल्याला उद्या जुनं दिसत नाही. टक्का वाढवला की आधीचे लोक आतच राहतात, नवे त्यांत मिळतात.

नॉर्वेतल्या फिन या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर ईवार ओस्तहुस यानं २०१४ च्या सुमारास ‘अनलीश’ लिहायला घेतलं आणि ते पुढं मुक्तस्रोत झालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये लाँचडार्कली ही कंपनी फ्लॅग भाड्यानं द्यायला उभी राहिली. चार ओळींच्या ‘इफ’साठी दरमहा पैसे कोण मोजेल असं पुष्कळांना वाटलं असेल, पुष्कळांनी मोजले. ज्यांना मोजायचे नव्हते किंवा ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नव्हती, त्यांना अनलीशसारखं साधन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येत होतं, आणि कोणाला काय दिसणार याचा निवाडा त्यांच्याच ॲपमध्ये होत होता.

या सगळ्या उत्साहात सर्वांत महागडा धडा मात्र एका शेअर दलालानं दिला. न्यू जर्सीच्या नाइट कॅपिटलकडे ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड पडून होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण काढलाही नव्हता. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या नव्या योजनेसाठी कोड लिहिताना जुनाच फ्लॅग नव्या कामाला जुंपला गेला. नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. तंत्रज्ञाकडून आठवा राहिला आणि दुसऱ्या कोणी तपासलं नाही. १ ऑगस्टला साडेनऊला बाजार उघडला. सात सर्व्हरांवर फ्लॅगनं नवी योजना चालू केली, आठव्यावर नऊ वर्षांचं भूत उठवलं. ऑर्डर किती पुरी झाली हे मोजून थांबणारा भाग २००५ मध्येच दुसरीकडे हलवला होता, त्यामुळं आठवा सर्व्हर थांबेचना. बिघाड शोधताना मंडळींनी उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढून टाकला. आता आठही ठिकाणी पॉवर पेग जागा झाला. ४५ मिनिटांत २१२ ऑर्डरींपोटी १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून जास्त सौदे झाले आणि ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान. बाजार उघडण्याआधी पॉवर पेगचा उल्लेख असलेल्या ९७ ईमेल यंत्रणेनं आपणहून धाडल्या होत्या, पण त्या इशारा म्हणून पाहायची कुणाला सवयच नव्हती. अमेरिकेच्या नियामकानं २०१३ मध्ये १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड ठोठावला, तोवर नाइट दुसऱ्या कंपनीत विलीनही झाली होती.

फ्लॅग लावणाऱ्याला शाबासकी मिळते, काढणाऱ्याला कोणी विचारत नाही, हे या धंद्याचं जुनं दुखणं. पीट हॉजसन यानं २०१६ मध्ये फ्लॅगचे चार प्रकार पाडले: रिलीजचे, प्रयोगाचे, यंत्रणा सांभाळायचे आणि परवानगीचे. त्यातल्या पहिल्यानं एक-दोन आठवड्यांत जावं आणि शेवटच्यानं वर्षानुवर्षं राहावं, एवढं निदान वेगळं दिसू लागलं. उबरमध्ये मोबाइल ॲपांतले मेलेले फ्लॅग इतके साठले की त्यासाठी ‘पिरान्हा’ नावाचं साधन लिहावं लागलं. २०२० मध्ये तेही खुलं केलं गेलं. ते फ्लॅगसोबत त्याची मेलेली फांदीही छाटतं आणि छाटलेला बदल तो फ्लॅग लावणाऱ्याच्याच समोर मंजुरीला ठेवतं. तोवर सुमारे दोन हजार फ्लॅग असे गेले होते.

मे २०२२ मध्ये ‘ओपनफीचर’ जाहीर झालं. फ्लॅग कुठल्याही साधनातून येवो, कोडमध्ये त्याला विचारायची पद्धत एकच असावी, म्हणजे कंपनी बदलली तरी हजारो ‘इफ’ पुन्हा लिहावे लागू नयेत, हा त्याचा खटाटोप. अनलीशनं तर फ्लॅगला आयुष्यच नेमून दिलं आहे: रिलीजच्या फ्लॅगला ४० दिवस, यंत्रणेच्या फ्लॅगला ७, आपत्काळात दाबायच्या बटणाला मुदत नाही. मुदत सरली की यादीत त्या फ्लॅगवर शिळेपणाचा शेरा येतो. कोडमधला ‘इफ’ मात्र तिथंच असतो. तो कोणीतरी उठून काढायचा असतो.