ऑफिसचा मेल कंपनी वाचू शकते का? चौकशी, पुरावा आणि कर्मचाऱ्याचे हक्क

कंपनीत कुणाविरुद्ध तक्रार आली, मग ती अफरातफरीची असो, गुपित बाहेर फोडल्याची असो की छळाची, चौकशी करणारे आधी मेलबॉक्स उघडतात. बेळगावच्या उद्यमबागेतला सुपरवायझर असो, वेर्ण्याच्या कारखान्यातली केमिस्ट असो की हैदराबादेत नोकरी करणारा इंदूरचा तरुण, प्रश्न सगळ्यांचा एकच: आपल्याला न विचारता कंपनी हे करू शकते का? लागू होणारे मुख्य कायदे केंद्राचे आहेत, त्यामुळे राज्य बदलले तरी उत्तर बदलत नाही.

कंपनीचा मेल वेगळा, आपला वेगळा

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार, मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे चुकीचे आहे. कंपनीने दिलेला मेल आणि लॅपटॉप यांची मालक कंपनीच असते. म्हणून तक्रारीच्या चौकशीसाठी तिने तो मेल तपासला, तर सहसा या कलमाचा भंग होत नाही. नोकरीला लागताना सही केलेल्या कागदांत किंवा आयटी धोरणात तसे लिहिलेले असेल, तर कंपनीची बाजू आणखी भक्कम होते.

खासगी जीमेलचे तसे नाही. तो ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडला म्हणून कंपनीचा होत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम ६६सी खाली गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. नुकसानभरपाईसाठी राज्याच्या आयटी सचिवांकडे, म्हणजे न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते.

खासगीपणाचा हक्क कुठवर?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. मात्र मूलभूत हक्कांचा आधार प्रामुख्याने सरकारविरुद्ध घेता येतो. त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्याला हा निकाल जितका थेट उपयोगी पडतो, तितका खासगी कंपनीतल्याला पडत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातले कलम ७ नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा देते. व्यापारी गुपिते आणि हेरगिरी ही उदाहरणे कायद्यातच दिली आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून मुख्य तरतुदी टप्प्याने लागू होत आहेत.

रुमानियातला खटला

मर्यादा कुठे असावी, यावर जगभर दाखला दिला जातो तो बर्बुलेस्कू खटल्याचा. ग्राहकांसाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर या कर्मचाऱ्याने घरच्यांशी गप्पा मारल्या. कंपनीने जुलै २००७ मध्ये त्यावर नजर ठेवली, संभाषणाची ४५ पाने त्याच्यासमोर ठेवली आणि त्याला कामावरून काढले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने आधी कंपनीची बाजू घेतली. पण ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल फिरवला. आधी सूचना दिली होती का, कारण ठोस होते का, कमी खोलात जाऊन भागले असते का, हे रुमानियाच्या कोर्टांनी नीट तपासले नाही, असे पीठाचे म्हणणे पडले. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. पण हेच प्रश्न आपल्याकडच्या कर्मचाऱ्यालाही चौकशीत विचारता येतात.

मेल पुरावा कधी ठरतो?

गैरमार्गाने मिळवला एवढ्याच कारणाने पुरावा बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कॉरोनरच्या लाचखोरीवरील मलकानी खटल्यात सांगून ठेवले आहे. म्हणून ‘विचारलं नाही’ एवढ्या बचावावर विसंबून चालत नाही. कोर्टात मेलची प्रत दाखल करताना मात्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. खात्याअंतर्गत चौकशीत नियम एवढे कडक नसतात. पण ज्या मेलवर आरोप उभा आहे त्याची प्रत कर्मचाऱ्याला देणे आणि त्याचे म्हणणे ऐकणे हा नैसर्गिक न्याय आहे.

तक्रारदार महिलेसाठी

याला दुसरी बाजूही आहे. लैंगिक छळाच्या प्रकरणात मेल हाच एकमेव पुरावा असू शकतो. २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समितीला कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिले आहेत. तक्रार ३ महिन्यांत करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. मेल पुसले जाण्याआधी ते जपून ठेवावेत, अशी लेखी मागणी समितीकडे लगेच करावी. १० पेक्षा कमी कर्मचारी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

लक्षात ठेवा

- घरचे, बँकेचे, दवाखान्याचे काम ऑफिसच्या मेलवरून करू नका.
- ऑफिसच्या संगणकात खासगी पासवर्ड सेव्ह करू नका.
- आयटी धोरण वाचा. त्याची प्रत मागून घ्या.
- चौकशीची नोटीस आली तर मेल डिलीट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा ठपका बसतो.
- आरोपातला मेल अर्धाच दाखवला असेल, तर पुढचे-मागचे सगळे मेल लेखी मागा. बऱ्याचदा खरा अर्थ त्यातच असतो.