‘कडक म्हणजे रेसिंग’: सस्पेन्शनमधल्या एका समजुतीचा इतिहास

गाडी ट्रॅकवर न्यायची ठरली की बहुतेक जण पहिलं काम एकच करतात. स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवतात आणि शॉकअप कडक करतात. गॅरेजमध्ये विचारा किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये जाऊन बसा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘रेसिंगची गाडी कडकच पाहिजे.’

हे वाक्य खोटं नाही. ते एका विशिष्ट काळात, विशिष्ट गाड्यांसाठी खरं ठरलं होतं. नंतर त्या अटी गळून पडल्या आणि वाक्य तेवढं उरलं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा विषय मुद्दाम घेतलाय, कारण साहित्याचा आढावा घेताना खरं काम हेच असतं: एखादं विधान कोणत्या अटीखाली खरं होतं ते शोधणं.

आधी थोडं गणित

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का साठवून ठेवते. शॉकअप, म्हणजे डँपर, तो साठवलेला धक्का उष्णतेत घालवतो. अँटी-रोल बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो आणि वळणावर गाडीचं कलणं कमी करतो.

स्प्रिंग ‘कडक’ आहे की ‘मऊ’, हे नुसत्या स्प्रिंगवरून सांगता येत नाही. तिच्यावर किती वजन आहे तेही बघावं लागतं. आमच्या साखऱ्यात हे कुणालाही शिकवावं लागत नाही. रिकामा पिकअप सेनगावच्या रस्त्यावर उड्या मारत जातो. तोच पिकअप सोयाबीनची पोती भरल्यावर शांत चालतो. पाटे तेच असतात, बदलतं ते वजन.

हेच सूत्रात मांडायचं तर: स्प्रिंगच्या कडकपणाला वजनाने (किलोमध्ये) भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि २π ने भागायचं. मिळते ती नैसर्गिक वारंवारता, म्हणजे गाडी स्वतःहून सेकंदाला किती वेळा खाली-वर होईल तो आकडा. उदाहरणापुरतं धरा, मागच्या एका चाकावर २०० किलो वजन आणि ६० न्यूटन प्रति मिलिमीटरचा पाटा. वारंवारता साधारण २.८ हर्ट्झ येते. माल भरून तिथे ५०० किलो झाले की ती १.७ वर उतरते. रस्त्यावरच्या कार साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असतात. पंख नसलेल्या ट्रॅकच्या गाड्या सहसा १.५ ते २.५ च्या दरम्यान ठेवतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. वारंवारता दुप्पट करायची तर स्प्रिंग चौपट कडक लागते. आणि स्प्रिंग चाकाच्या नेमकी वर नसेल तर चाकाला जाणवणारा कडकपणा कमी होतो, तोही वर्गाच्या प्रमाणात. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबली, तर चाकाशी स्प्रिंगचा फक्त ४९ टक्के कडकपणा पोचतो.

१९३७ पूर्वी: गाडी कडक का असायची

१९२० च्या दशकातल्या रेसिंग गाड्या बघा, उदाहरणार्थ १९२४ ची बुगाटी टाइप ३५. पुढे-मागे अखंड अॅक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि घर्षणावर चालणारे डँपर. अखंड अॅक्सलचा त्रास असा की एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तिरकं होतं. पुढचा अॅक्सल मऊ स्प्रिंगांवर ठेवला तर चाकं थरथरू लागतात. त्यामुळे स्प्रिंगा कडक ठेवणं भागच होतं. चॅसी मात्र शिडीसारखी, लवचिक. म्हणजे सस्पेन्शनचं अर्धं काम चॅसीच वाकून करायची, आणि ते मोजता येत नव्हतं, जुळवताही येत नव्हतं.

१९३४ ला मर्सिडीजची डब्ल्यू २५ आली. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं, पण विचार जुनाच: स्प्रिंगा कडक, चॅसी लवचिक. १९३६ च्या हंगामात ती मार खाऊ लागली तेव्हा कंपनीने रुडॉल्फ उलेनहाउट या तिशीतल्या इंजिनिअरकडे रेसिंगच्या तांत्रिक विभागाची सूत्रं दिली. उलेनहाउट व्यावसायिक ड्रायव्हर नव्हता, पण रेसच्या वेगाने गाडी चालवू शकायचा. त्याने न्यूरबर्गरिंगवर स्वतः गाडी पळवून पाहिली. दोष उघड होता: चॅसी वाकतेय, मागचा अॅक्सल वाकतोय, आणि चाकं मात्र पुरेशी हलत नाहीत.

त्याने समीकरणच उलटं केलं. १९३७ च्या डब्ल्यू १२५ मध्ये अंडाकृती नळ्यांची ताठ चॅसी, मागे द दियोन अॅक्सल, स्प्रिंगा मऊ, चाकाला हलायला जास्त जागा आणि त्या हालचालीवर नीट डँपिंग. त्या वर्षी रुडॉल्फ काराचिओला युरोपियन चॅम्पियन झाला.

इथे संशोधकाने थांबायला हवं. डब्ल्यू १२५ चं इंजिनही जबरदस्त होतं, साधारण ५.६ लिटरचं, सुपरचार्ज केलेलं. मग विजय सस्पेन्शनचा की इंजिनाचा? नुसत्या निकालावरून ते वेगळं काढता येत नाही. उलेनहाउटचं निदान आपण मान्य करतो ते ट्रॉफीमुळे नाही. त्याने काय वाकतंय आणि काय हलत नाही, ही यंत्रणा दाखवली म्हणून मान्य करतो.

मोजायला शिकवलं ते साध्या गाड्यांनी

याच काळात अमेरिकेत मॉरिस ओली हा ब्रिटिश इंजिनिअर कॅडिलॅकमध्ये काम करत होता. त्याचा प्रश्न रेसिंगचा नव्हता, मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळू नये एवढाच होता. १९३२ मध्ये त्याने एका मोठ्या गाडीला हलवता येणारी वजनं लावली, म्हणजे गाडीचं वजन-वाटप आणि पुढे-मागे डुलण्याला होणारा विरोध पाहिजे तसा बदलता येईल. मग माणसं बसवून विचारायचं, कधी बरं वाटतंय?

निष्कर्ष असा निघाला की पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू थोडी जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि डुलणं लवकर विरतं. पण पुढचा अखंड अॅक्सल मऊ केला की चाकं थरथरतात, म्हणून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणावं लागलं. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते आलं. ‘अंडरस्टीअर’ आणि ‘ओव्हरस्टीअर’ हे आजचे रोजचे शब्दही ओलीचेच. पुढचं टोक वळणाबाहेर सरकतंय की मागचं, हे ड्रायव्हर आधीही सांगायचे. नाव मिळाल्यावर ते मोजता येऊ लागलं.

पकड कुठे हरवते

सेटअपचा गाभा टायरच्या एका खोडीत आहे. टायरवर भार वाढवला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. उदाहरणाचे आकडे घेऊ. दोन चाकांवर ४००० न्यूटन प्रत्येकी, घर्षणांक १, तर एकूण पकड ८०००. वळणावर २००० न्यूटन आतल्या चाकावरून बाहेरच्यावर गेले. बाहेर ६००० भार आणि घर्षणांक ०.९, म्हणजे ५४००. आत २००० भार आणि घर्षणांक १.१, म्हणजे २२००. बेरीज ७६००. वजन तेवढंच, पण पकड ५ टक्क्यांनी कमी.

आता महत्त्वाचं. आतून बाहेर एकूण किती भार जाणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंग कडक केल्याने ते जवळजवळ बदलत नाही. स्प्रिंगा आणि बार एवढंच ठरवतात की त्यातला किती भार पुढच्या चाकांमध्ये सरकेल आणि किती मागच्या. पुढचा बार कडक केला तर पुढची पकड आधी संपते, म्हणजे अंडरस्टीअर. मागचा कडक केला तर उलट. थोडक्यात, कडकपणा हे तोल साधायचं साधन आहे, फुकटची पकड नव्हे. उलट खडबडीत ट्रॅकवर अति कडक चाक जमिनीवरून उडतं, आणि हवेतल्या टायरची पकड शून्य.

मग ‘कडक’ परत कुठून आलं?

उलेनहाउटनंतर जवळजवळ ४० वर्षं रेसिंगची दिशा ‘ताठ चॅसी, मऊ स्प्रिंग’ अशीच होती. कॉलिन चॅपमनच्या लोटसने ती टोकाला नेली. १९६२ च्या लोटस २५ ने नळ्यांचा सांगाडा सोडून बंद पेटीसारखी ताठ मोनोकॉक चॅसी आणली. १९६३ ला जिम क्लार्क तिच्यावर जगज्जेता झाला.

गंमत म्हणजे ही दिशा उलटवली तीही लोटसनेच. १९७७ च्या लोटस ७८ आणि १९७८ च्या लोटस ७९ या गाड्यांचा तळ असा घडवला होता की खालून जाणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढायची. यालाच डाउनफोर्स म्हणतात. १९७८ ला मारिओ आंद्रेत्ती चॅम्पियन झाला. पण हे ओढणं गाडीचा तळ रस्त्यापासून किती उंच आहे त्यावर अवलंबून असतं. उंची बदलली की डाउनफोर्स बदलतो. म्हणून उंची स्थिर ठेवण्यासाठी स्प्रिंगा दगडासारख्या कडक झाल्या. ड्रायव्हरची हाडं खिळखिळी झाली तरी चालेल, तळ हलता कामा नये. १९८३ पासून सपाट तळाचा नियम आला, पण पंखांचा डाउनफोर्स राहिला आणि कडकपणाही राहिला. २०२२ ला तळाचा डाउनफोर्स परत आला तेव्हा गाड्या सरळ रस्त्यावर उसळ्या मारताना सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्या.

टीव्हीवर कडक गाड्या दिसतात, म्हणून कडक म्हणजे रेसिंग. त्या कडक का आहेत, हे मात्र टीव्हीवर दिसत नाही.

आपल्याकडच्या गाड्या

भारतात अनेक वर्षं रेस म्हणजे रस्त्यावरचीच गाडी जुळवून घेणं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० मुंबईत कुर्ल्याला बनायची. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पुढे दुहेरी विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अॅक्सल आणि पाटे. अँबॅसडरला पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डला मागे स्विंग अॅक्सल आणि आडवा पाटा. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर फियाट आणि हेराल्ड पळायच्या. १९९० ला इरुंगट्टुकोट्टाईचा कायमचा ट्रॅक झाला.

पाट्यांच्या गाडीत सेटअप म्हणजे लोहाराशी बोलणं. पाट्याचा कडकपणा पाट्यांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ५ पाट्यांचे ६ केले तर २० टक्के वाढ. सगळे पाटे ६ ऐवजी ७ मिलिमीटर जाड घेतले तर जवळजवळ ५९ टक्के.

हेराल्डमधून कडकपणाचं आणखी एक खरं कारण कळतं. स्विंग अॅक्सलची गाडी जोरात वळली की मागचं चाक आत मुडपतं आणि गाडी वर उचलली जाते. स्प्रिंग कडक आणि गाडी खाली असेल तर हे कमी होतं. म्हणजे कडक स्प्रिंग भूमितीचा दोष झाकते. मारुती ८०० किंवा स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. ती कलली की बाहेरच्या चाकाचा कँबर बिघडतो, म्हणून थोडा कडकपणा मदतच करतो. पण अशी गाडी फार खाली बसवली की खालचा आर्म वर चढतो, कँबर आणखी बिघडतो आणि गाडी जास्त कलू पाहते. मग त्यासाठी परत कडक स्प्रिंग. हे चक्र अनेकांनी पैसे घालून अनुभवलंय.

स्वतः जुळवताना, आणि संशोधनातही

फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत चाकाला किमान ५० मिलिमीटर हालचाल सक्तीची आहे. स्किडपॅड चाचणीतल्या आतल्या वर्तुळाचा व्यास फक्त १५.२५ मीटर. एवढ्या कमी वेगात पंखांचा जोर मर्यादितच असतो. तिथे फॉर्म्युला वनची कडक स्प्रिंग उचलून आणण्याआधी तिचं कारण आपल्या गाडीत आहे का, ते तपासा.

क्रम असा ठेवा: टायर आणि हवेचा दाब, मग कँबर-टो, मग उंची, स्प्रिंग, बार, आणि शेवटी डँपर. टायरचं तापमान आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यात मोजा. एका वेळी एकच बदल करा आणि नंतर मूळ सेटिंगवर परत या. दरम्यान टायर झिजतात, ट्रॅकवर रबर बसतं आणि ड्रायव्हरही शिकतो. मूळ सेटिंगची वेळसुद्धा सुधारली असेल, तर तेवढी सुधारणा तुमच्या बदलाची नव्हती.

ट्रॅक हाताशी नसेल तरी सुरुवात होते. गावातल्या कुठल्याही पिकअपचं मागचं चाक एका बारीक फळीवरून हळू उतरवा, मोबाइलच्या अॅक्सेलरोमीटर अॅपवर नोंद घ्या आणि दोन शिखरांमधला वेळ मोजा. एकदा रिकामी, एकदा भरलेली. दोन्ही वारंवारतांचं गुणोत्तर वजनाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाशी जुळतंय का बघा. पाट्यांमधल्या घर्षणामुळे ते बहुधा नेमकं जुळणार नाही. किती आणि का जुळत नाही, तिथून पुढचा प्रश्न तुमचा.