कडी, पाट आणि मधले अंतर

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहासविषयक लेख येतात ते बहुधा कुळांचे, देवस्थानांचे अथवा एखाद्या कर्तबगार पुरुषाचे असतात. ते योग्यच आहे. तथापि ज्या ज्ञातीचा पिढीजाद व्यवसाय सुतारकाम, तिने आपल्या पूर्वजांच्या हातची माडीची जमीनही एकदा निरखून पाहावी, असे आम्हांस वाटते. आज आपल्या पुष्कळ कुटुंबांत जुन्या माड्या उकलून नव्या फळ्या बसविण्याचे काम निघते. त्या वेळी फळीची किंमत विचारली जाते, रंग विचारला जातो. तिच्याखालच्या दोन कड्यांमध्ये अंतर किती, हे मात्र क्वचितच मोजले जाते.

याची किंमत आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. 1984 साली आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथील माडीच्या दीड इंच जाडीच्या सागवानी फळ्या काढून पाऊण इंचाच्या आंब्याच्या फळ्या घातल्या. कड्या होत्या तेथेच, दोन दोन फुटांवर राहिल्या. पहिल्याच पावसाळ्यानंतर एक फळी मधोमध मोडली आणि पाचवीतील एका मुलाचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. मुलगा वाचला, पण तीन महिने शाळेस मुकला. फळी कुजकी होती, असे सर्वांनी म्हटले. ती कुजकी नव्हती, पातळ होती.

आता आपले पूर्वज काय करीत ते पाहू. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला गेला. त्यासाठी साग जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडहून व चुना जेजुरीहून आणला. 1828 च्या आगीत आतील लाकडी इमारत जळाली. पण देशावरील वाड्यांतून कडीपाटाची जी रीत होती, ती आजही अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर पाट, आणि पाटांवर माती-चुन्याचा थर. हा थर अर्धा फूट धरला, तरी प्रत्येक चौरस फुटावर चोवीस-पंचवीस किलो वजन येते, आणि तेही अहोरात्र. माणूस येतो-जातो, माती हलत नाही. म्हणून कड्या दाट. लाकडाची उधळपट्टी म्हणून कोणी या दाटीस हसतात. त्यांनी मातीचे वजन करून पाहावे.

या अनुभवामागील गणित प्रथम मांडू लागला तो इटलीतील गॅलिलिओ. 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने दाखविले की, तुळईचे बळ तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढच्या पंडितांनी त्यात भर घातली की, लवण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. आमच्या शाळेची फळी या हिशेबास लावून पाहा. जाडी निम्मी झाली. म्हणजे बळ चौथाई उरले आणि लवण आठपट झाली. तीही लाकूड तेच आहे असे मानून. आंबा तर सागाहून दुबळा. कड्यांमधील अंतर दुप्पट केले, तर पायाखाली फळी आठपट लवते, आणि मातीसारख्या पसरलेल्या भाराखाली सोळापट! तेव्हा अंतर दुप्पट करणाऱ्याने जाडी निदान दुप्पट करावी, आणि वर माती असेल तर त्याहूनही अधिक.

पण अंतर ठेवणे भागच असेल तर? जहाजबांधणी करणाऱ्यांना हा प्रश्न नित्याचा होता. तोफा, डोलकाठ्या व खाली उतरण्याची दारे यांमुळे जहाजाच्या तक्त्याखालील मोठ्या तुळया हव्या तितक्या जवळ घेता येत नसत. त्या काळच्या इंग्रजी लढाऊ जहाजांत यावर उपाय असा असे की, दोन तुळयांमध्ये लांबीच्या दिशेने लहान लाकडे अडकवीत आणि त्या लाकडांमध्ये पुन्हा आडवी लाकडे घालीत. म्हणजे फळीला टेकू जवळ मिळे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. मुंबईच्या कारागिरांचे ते काम पाहण्याचा योग आम्हांस आला नाही, याची खंत वाटते.

अमेरिकेत घरामागे उघड्यावर लाकडी चौथरे बांधतात. तेथे सव्वा इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या फळीला सोळा इंचांवर कडी, दोन इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या फळीला चोवीस इंचांवर, असा प्रघात आहे. फळ्या तिरप्या बसवावयाच्या तर कड्या आणखी जवळ घेतात, कारण तिरपी फळी दोन कड्यांमध्ये अधिक लांब पडते. आमच्या वडिलांस हे कोणी सांगितले नव्हते. पण ते तिरपी फळी बसविताना असेच करीत. फळी तीन कड्यांवर तरी अखंड जावी, सांधा कडीवरच यावा आणि गाठ दोन कड्यांच्या मधोमध येऊ नये, हा त्यांचा दंडक असे. त्यासाठी त्यांनी गिऱ्हाइकाशी भांडणेही केली.

गेल्या वर्षी आमच्याच घराची माडी उकलली. कड्यांमधील अंतर बावीस इंच निघाले. दुकानदाराने पाऊण इंची फळी ‘सर्वत्र चालते’ म्हणून पुढे केली. आम्ही फळी तीच घेतली, कारण दीड इंची सागाचा दर ऐकून मागे फिरलो होतो. मात्र प्रत्येक दोन कड्यांमध्ये एक नवी कडी घातली. खर्च थोडा वाढला आणि काम चार दिवस लांबले. आता नातवंडे तीवर उड्या मारतात, आणि खाली बसलेल्या आम्हांस केवळ धूळ पडल्याचे कळते.