ग्राफिक डिझाइन शिकायचंय? फी भरण्याआधी शाखा ठरवा

लग्नपत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडणुकीचा बॅनर. तालुक्याच्या गावात ग्राफिक डिझाइन म्हटलं की एवढंच डोळ्यासमोर येतं. पण असं साधं काम आता कॅनव्हासारख्या अ‍ॅपवर किंवा एआयच्या मदतीने कोणीही मोबाईलवर करू लागलंय. त्यामुळे नुसतं कोरलड्रॉ आणि फोटोशॉप शिकण्यासाठी हजारो रुपये भरण्याआधी या क्षेत्रातल्या वेगळ्या शाखा माहीत असलेल्या बऱ्या.

फॉन्ट तयार करणे : इंग्रजीत लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं धरली तर एका फॉन्टसाठी शेकडो आकार काढावे लागतात. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत मिळतात. मराठी लिहिण्या-वाचण्याची सवय असलेल्यांना इथे आपोआपच फायदा होतो. सरावासाठी 'फॉन्टफोर्ज' हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

अ‍ॅपची रचना : याला यूआय-यूएक्स म्हणतात. बटण कुठे असावं, ओटीपी टाकताना वयस्कर माणूस कुठे अडतो, हे बघून स्क्रीन आखायची. यात चित्रकलेपेक्षा माणसाचं निरीक्षण जास्त लागतं. 'फिग्मा'वर मोफत खातं काढून सुरुवात करता येते.

पॅकेजिंग : गूळ, हळद, काजू, मसाले विकणारे बचत गट आणि शेतकरी कंपन्या वाढल्या, तशी या कामाची गरजही वाढली. पाकीट कुठे कापायचं, कुठे दुमडायचं, छपाईत रंग कसा उतरेल, निव्वळ वजन, एमआरपी आणि एफएसएसएआय क्रमांक कुठे टाकायचा, हे सगळं यात येतं. लेबल चुकलं तर छापलेला सगळा माल वाया जातो.

मोशन ग्राफिक्स : हलणारी अक्षरं आणि चित्रं. बातम्या, जाहिराती, यूट्यूब, शैक्षणिक व्हिडिओ यांना ती लागतात. 'ब्लेंडर' मोफत आहे, पण त्याला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक हवा.

शिक्षण कुठे?
आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये चार वर्षांचा बी.डेस. आहे. त्यासाठी 'यूसीड' परीक्षा द्यावी लागते. बारावी कला, वाणिज्य, विज्ञान कोणतीही चालते. अहमदाबादच्या एनआयडीची परीक्षा वेगळी असते. राज्यातल्या कला महाविद्यालयांत बीएफए उपयोजित कला शिकता येते, त्यासाठी एएसी सीईटी असते. तारखा आणि फी दरवर्षी अधिकृत संकेतस्थळावरच बघा.

क्लासवाल्यांना हे विचारा
- युनिकोड मराठी शिकवता का? जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाईलवर भलताच दिसतो.
- सॉफ्टवेअर अधिकृत आहे की चोरीचं?
- आधीच्या मुलांनी केलेलं काम दाखवाल का?
- 'नोकरीची हमी' असेल तर ती लेखी द्याल का?

या क्षेत्रात प्रमाणपत्रापेक्षा केलेलं काम आधी बघतात. त्यामुळे गावातल्या एखाद्या बचत गटाचं लेबल नव्याने करा, ग्रामपंचायतीचा दाखल्यांचा फलक वाचायला सोपा करून बघा. अशी पाच-सहा चांगली कामं हाताशी ठेवा आणि ती करताना ज्यात मन रमेल, तीच शाखा पुढे शिका.