गिम्नॉस : एक ग्रीक शब्दमूळ

गिम्नॉस हे 'नग्न' या अर्थाचे प्राचीन ग्रीक विशेषण असून, व्यायाम, क्रीडा, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या क्षेत्रांतील इंग्रजी शब्दांचा एक मोठा गट त्यापासून तयार झाला आहे. ग्रीक उच्चारात आरंभी 'ग' असला, तरी इंग्रजीत त्याचा 'ज' होतो. त्यामुळे मराठीत हे शब्द जिम, जिम्नॅशियम, जिम्नॅस्टिक्स आणि जिमखाना अशा रूपांत आले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा संबंध संस्कृत 'नग्न', लॅटिन 'नूडुस' आणि इंग्रजी 'नेकेड' यांच्याशी लावतात व ग्रीकमधील आद्य वर्ण मागाहून बदलला असे मानतात. तसे असेल, तर मराठीतील नागडा, नागवा आणि लुबाडून कफल्लक करणे या अर्थाचे 'नागवणे' हे शब्द जिम्नॅशियमचे दूरचे भाऊबंद ठरतात. ग्रीकांच्या वापरात या विशेषणाचा अर्थ पूर्ण नग्नतेपुरता मर्यादित नव्हता. अंगावर फक्त आतले वस्त्र असलेला किंवा चिलखत न घातलेला माणूसही गिम्नॉस म्हणवला जाई, आणि हलक्या शस्त्रांनिशी लढणाऱ्या पायदळाला याच मुळापासून 'गिम्नेतेस' असे नाव मिळाले होते. आड येणारे दूर सारलेला, आणि म्हणून मोकळा, ही छटा त्यात पहिल्यापासून आहे. पुढील शब्दांचा प्रवास समजून घेताना ती ध्यानात ठेवावी लागते, कारण या शब्दकुळात लाजेचा भाव जवळजवळ कोठेच आढळत नाही.

ग्रीक पुरुष व्यायाम आणि शर्यती विवस्त्र होऊन करीत. या प्रथेचा आरंभ कोणी केला याविषयी प्राचीन लेखकांत एकमत नाही : थ्यूसिडिडीस तिचे श्रेय स्पार्टाच्या लोकांना देतो, तर पॉसेनियसने नोंदवलेल्या परंपरेनुसार मेगाराचा धावपटू ऑर्सिपस हा ऑलिंपियाच्या शर्यतीत कमरेचे वस्त्र सुटल्यावर तसाच धावत जाऊन जिंकला, आणि ही घटना इ. स. पू. ७२० मधील मानली जाते. 'गिम्नाझेइन' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'विवस्त्र होऊन कसरत करणे' असा होता, तो पुढे नुसता 'सराव करणे' असा झाला, आणि ज्या जागी हा सराव चाले ती जागा 'गिम्नासिऑन' म्हणून ओळखली जाऊ लागली. धावण्याची पट्टी, कुस्तीची मातीची जागा, अंगाला तेल लावण्याची खोली, स्नानगृह आणि बसून बोलण्यासाठी ओसरी अशी तिची सोय असे. अथेन्सची अकॅडमी आणि लायसियम ही मुळात अशी व्यायामस्थळेच होती; पहिल्या ठिकाणी प्लेटोने व दुसऱ्या ठिकाणी ॲरिस्टॉटलने अध्यापन केल्यामुळे त्यांची नावे विद्येशी कायमची जोडली गेली. या दुहेरी स्वरूपामुळे लॅटिन 'जिम्नासियम' या शब्दाला युरोपात दोन वाटा फुटल्या : जर्मन भाषिक प्रदेशात 'गिम्नाझियुम' म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणारी माध्यमिक शाळा झाली, तर इंग्रजीत व्यायामाचीच बाजू टिकली आणि 'जिम' हे तिचे आखूड रूप एकोणिसाव्या शतकात रूढ झाले.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत व्यायामाच्या जागेला तालीम म्हणतात, आणि या शब्दाचा प्रवास ग्रीक शब्दाच्या बरोबर उलट दिशेने झालेला आहे. 'तालीम' हा अरबी शब्द मुळात शिक्षण या अर्थाचा. फारसीमार्गे मराठीत आल्यावर तो प्रथम सरावाला आणि मग कुस्तीच्या जागेला लावला गेला. एका भाषेत व्यायामाच्या जागेची शाळा झाली आणि दुसरीत शिक्षणाच्या शब्दाची व्यायामाची जागा झाली, यावरून शरीर घडवणे आणि माणूस घडवणे ही दोन कामे दोन्ही समाजांनी एकमेकांलगत मानली होती असे म्हणण्यास आधार मिळतो. कृष्णाकाठच्या गावांतील तालमीत आजही तांबड्या मातीचा हौदा असतो, त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू आणि कापूर मुरवलेला असतो, भिंतीच्या कोनाड्यात मारुती असतो आणि पोरांना डाव शिकवणारा वस्ताद असतो. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगाव, उंब्रज, मसूर व शहापूर हे सात आजच्या सातारा जिल्ह्यात, तर बहे व शिराळा हे दोन सांगली जिल्ह्यात आहेत, ही गोष्ट या प्रदेशातील बलोपासनेचा विचार करताना वगळता येत नाही.

तालमीतील पैलवानाच्या अंगावर लंगोट आणि वर जांगिया यांखेरीज काही नसते. ग्रीक मल्लाची संपूर्ण नग्नता मराठी मुलखाने कधी स्वीकारली नाही. परंतु वर सांगितलेल्या व्यापक अर्थाने पैलवान हा गिम्नॉसच होय, कारण उघड्या अंगामुळे पकडीला कापड सापडत नाही, माती अंगाला लागते आणि वस्तादाला शरीराची प्रत्येक हालचाल दिसते. लंगोटाला येथे नैतिक अर्थही आहे : 'लंगोटाचा सच्चा' हे विशेषण ब्रह्मचर्य आणि शिस्त पाळणाऱ्या मल्लाला लावले जाते. म्हणजे ज्या वस्त्राने अंग जेमतेम झाकले जाते, तेच संयमाची खूण ठरले आहे. या परंपरेतून कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६–१९८४) पुढे आले. त्यांना घरातूनच कुस्तीचे बाळकडू मिळाले होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मातीत तयार झालेल्या मल्लाला तेथे गादीवर खेळावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पदकाचे मोल अधिकच वाढते. त्यांना अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर, २००० मध्ये मिळाला, आणि हा उशीर या प्रदेशाला अजूनही सलतो. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक जिंकले आणि १९६४ मध्ये ते हिंदकेसरी झाले.

'जिम्नॅस्टिक्स' या शब्दाचा अर्थ ग्रीकमध्ये व्यायामविद्या असा सर्वसमावेशक होता; एकोणिसाव्या शतकात युरोपात तो डबलबार, रिंग, घोडा अशा साधनांवरील कसरतींपुरता आकुंचित झाला. मराठी मुलखातील त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक मल्लखांब होय, तर साधनांवाचूनच्या व्यायामात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, ते आपल्या संस्थानातील शाळांत सुरू केले आणि त्यांविषयी ग्रंथलेखन केले.

'जिमखाना' हा शब्द भारतातच घडला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशाने त्याची व्युत्पत्ती सांगताना असे सुचवले, की चेंडूच्या खेळाच्या जागेचा 'गेंदखाना' हा शब्द इंग्रजी जिम्नॅस्टिक्सच्या प्रभावाने बदलून जिमखाना झाला असावा. दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतील फारसी 'खाना' त्याला जोडलेला असल्यामुळे तो मराठी कानाला परका वाटत नाही, आणि महाविद्यालयातील क्रीडाविभागाला जिमखाना म्हणण्याची रीत साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सर्वत्र आहे. पुण्यातील डेक्कन जिमखाना (स्थापना १९०६) या संस्थेच्या क्रीडास्पर्धा पाहून दोराबजी टाटा यांना भारतीय खेळाडू ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना सुचली, आणि त्यातून १९२० मध्ये अँटवर्पला जो लहानसा संघ गेला त्यात साताऱ्याचे सदाशिव दातार हे धावपटू होते. ऑर्सिपसच्या शर्यतीशी नाते सांगणारा हा शब्द जिमखान्याच्या रूपाने सातारकराला ऑलिंपिकपर्यंत घेऊन गेला.

'जिम्नोसोफिस्ट', म्हणजे नग्न तत्त्वज्ञ, हा शब्द ग्रीकांनी भारतीयांसाठीच बनवला. इ. स. पू. ३२६ च्या सुमारास अलेक्झांडर तक्षशिलेला पोहोचला, तेव्हा त्याच्या सोबतच्या ओनेसिक्रिटसला नगराबाहेर उन्हात निरनिराळ्या आसनांत स्थिर असलेले पंधरा विवस्त्र तपस्वी दिसले, असे स्ट्रेबोने नोंदवले आहे. त्यांतील दंडमिसने अलेक्झांडरकडे जाण्यास नकार दिला, तर कलानोस सैन्याबरोबर गेला आणि पुढे पर्शियात आजारी पडल्यावर त्याने सर्वांसमक्ष अग्निप्रवेश केला. हे तपस्वी ब्राह्मण परंपरेतील होते, आजीवक होते की जैन होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. उघडे अंग ग्रीक वर्णनकारांच्या ओळखीचे होते, त्यामुळे त्याहून अधिक नवल त्यांना या तपस्व्यांच्या निर्भयपणाचे वाटले असावे; त्यांनी गिम्नॉसला 'सोफिस्टेस' म्हणजे ज्ञानी हा शब्द जोडला.

हा शब्द ज्यांना आज सर्वांत चपखल लागू पडेल ते दिगंबर जैन मुनी दक्षिण महाराष्ट्रात पायी विहार करताना दिसतात. मिरज, वाळवा आणि पलूस तालुक्यांत दिगंबर जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी आहे, आणि मुनींचा चातुर्मास, म्हणजे पावसाळ्यातील एका जागचा मुक्काम, आपल्या गावी व्हावा यासाठी गावे आग्रह धरतात. जैन परिभाषेत या अवस्थेला 'अचेलकत्व' म्हणजे वस्त्ररहितता म्हणतात आणि मुनीच्या अठ्ठावीस मूलगुणांत तिची गणना होते. तेथपर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : क्षुल्लक लंगोट आणि एक खंडवस्त्र बाळगतो, ऐलक केवळ लंगोट ठेवतो, आणि मुनी तोही टाकून मोरपिसांची पिंच्छी व कमंडलू एवढेच जवळ ठेवतो. पैलवान आणि ऐलक या दोघांच्याही अंगावर लंगोट असावा, हा योगायोग वाटला तरी दोघांची साधना इंद्रियनिग्रहाची आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेचे पुनरुज्जीवन करणारे शांतिसागर (१८७२–१९५५) मूळचे भोज परिसरातील होते, आणि त्यांना १९२४ मध्ये आचार्यपद मिळाले ते सांगलीजवळील समडोळी या गावी. पलूस तालुक्यातील कुंडल येथे झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही डोंगरातील जैन तीर्थस्थाने आहेत, आणि त्याच गावचे कुस्तीमैदान पैलवानांत नावाजलेले आहे. जिम्नोसोफिस्ट आणि जिम्नॅशियम या शब्दांनी सांगितलेल्या दोन्ही परंपरा तेथे एका शिवारात नांदतात.

निसर्गविज्ञानात या मुळाचा उपयोग वर्णनासाठी झाला. थिओफ्रॅस्टसने उघड्या बियांच्या वनस्पतींविषयी वापरलेला शब्द पुढे 'जिम्नोस्पर्म' या वर्गनामात आला, आणि सायकस व सूचिपर्णी वृक्षांची बीजके अंडाशयात बंद नसतात हे रॉबर्ट ब्राउनने १८२० च्या दशकात दाखवून दिल्यावर त्या नावाला शास्त्रीय पाया मिळाला. सह्याद्रीच्या सातारा जिल्ह्यातील पट्ट्यात, कोयनेच्या जंगलात, या वर्गातील कुंबळ किंवा उंबळी ही वेल आढळते. तिला रुंद पाने असतात आणि तिची बी मांसल वेष्टनामुळे एखाद्या फळासारखी दिसते, त्यामुळे ती पाहणाऱ्याला सहज चकवते. उलट सुरूच्या झाडाची शंकूसारखी फळे पाहून ते याच वर्गातील असावे असे वाटते, पण ते सपुष्प वनस्पतींत मोडते. या वर्गाला शालेय पुस्तकांनी 'अनावृतबीजी' हा पर्याय दिला, तर वाई येथे लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने 'प्रकटबीज' हा शब्द वापरला. कुंबळीचे उदाहरण समोर ठेवल्यास पहिला पर्याय अधिक काटेकोर वाटतो, कारण तेथे बी डोळ्यांना प्रकट नसते, तिच्याभोवती अंडाशयाचे आवरण नसते एवढेच खरे असते. डोंगरउतारावरील काटेरी हेकळ 'जिम्नोस्पोरिया' या प्रजातीत येते, आणि पान चघळल्यावर जिभेला काही काळ गोडी कळेनाशी करणारी गुडमार वेल 'जिम्नेमा', म्हणजे नग्न तंतू, या नावाने ओळखली जाते. दोन्ही नावांचा नग्नपणा फुलाच्या वा बियांच्या बारीक रचनेपुरता आहे.

प्राण्यांत या मुळाची सर्वांत लक्षणीय नोंद सातारा जिल्ह्यातलीच आहे. पाय नसलेल्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या उभयचरांच्या गणाला 'जिम्नोफिओना', म्हणजे नग्न सर्प, असे नाव आहे. मराठीत त्यांना देवगांडूळ म्हणतात. ते ओल्या मातीत पुरून राहतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या कुदळीखाली किंवा दगड उलटल्यावरच दृष्टीस पडतात, आणि विषारी समजून अनेकदा मारले जातात, वास्तविक माणसाला त्यांच्यापासून कोणताही धोका नाही. १९६० मध्ये एडवर्ड टेलर यांनी खंडाळ्याच्या नमुन्यावरून 'इंडोटिफ्लस' ही प्रजाती स्थापन केली, आणि २००४ मध्ये वरद गिरी, डेव्हिड गोवर व मार्क विल्किन्सन यांनी कोयनेजवळील हुंबरळी येथील नमुन्यांवरून तिच्यातील 'इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस' ही नवी जाती वर्णिली. गणाचे नाव मात्र संपूर्ण अचूक नाही. सापासारखे बाहेरून दिसणारे खवले नसल्यामुळे या प्राण्यांना नग्न म्हटले गेले, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या त्वचेच्या वळ्यांत बारीक खवले दडलेले असतात, आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच नीट ओळखता येतात.