दात्यापासून सुटलेले रक्त

घरी रक्त चढवणे ही अलीकडची सोय वाटते, पण ती जुनी आहे. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल १८२०च्या दशकात रक्तस्रावाने खचलेल्या बाळंतिणींना माणसाचे रक्त देऊ लागले, तेव्हा बाळंतपणे बहुधा घरीच होत. दाता खाटेपाशीच असे आणि रक्त गोठण्याआधी शिरेत जाई. रक्तगट कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे यश बरेचसे नशिबावर होते. पण रक्ताला प्रवास नव्हता, म्हणून प्रवासातला धोकाही नव्हता. तो निर्माण झाला १९१४-१५ साली. ब्रुसेल्सचे ह्युस्टिन, ब्युनोस आयर्सचे आगोते आणि न्यूयॉर्कचे लुइसन यांच्या कामातून सोडियम सायट्रेटने रक्त गोठू न देण्याची रीत बसली, आणि रक्त दात्यापासून सुटले. १९१७ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी दारूगोळ्याच्या खोक्यांची शीतपेटी बनवली आणि कांब्रेच्या लढाईत साठवलेले रक्त जखमींपर्यंत पोचवले. १९३६ पासून बार्सिलोनाच्या दुरान-जोर्दांनी तेच काम शीतवाहनांतून आरागॉनच्या आघाडीवर केले.

मग प्रश्न बर्फाचाच होता आणि तो सुटला, असे कोणी म्हणेल. अर्धाच सुटला. एक तर थंडी दुधारी आहे. उष्णतेने जंतू वाढतात, पण बर्फ थेट पिशवीला लागून रक्त गोठले तर तांबड्या पेशी फुटतात आणि ते रक्त देण्याजोगे राहत नाही. म्हणून तांबड्या पेशींची वाहतूक साधारण २ ते १० अंश सेल्सियसमध्ये करायची. १९४३ मध्ये लाउटिट व मॉलिसन यांच्या आम्लयुक्त सायट्रेट-ग्लुकोज द्रावणाने रक्ताचे आयुष्य २१ दिवसांवर नेले, पुढे काचेच्या बाटलीची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली. पेटीची बाजू अशी भक्कम होत गेली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रॉबर्टसन आणि दुरान यांनी मुख्यतः ‘ओ’ गटाचेच रक्त पाठवले. कोणाचे कोणाला, हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, टाळला. रणांगणावर ते शहाणपणाचेच होते.

घरच्या रुग्णाला ती पळवाट सहसा नसते. त्याची पिशवी त्याच्याच नमुन्याशी जुळवलेली असते, तेव्हा थंडीइतकेच लेबलही शाबूत पोचावे लागते. खरा धोका खाटेपाशी, चुकीच्या गटाचे रक्त लागण्यात आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण ती चूक पुष्कळदा आधीच घडलेली असते: नमुन्यावर चुकीचे नाव लिहिताना किंवा पिशवी हाती देताना. रुग्णालयात निदान दुसरी परिचारिका पडताळायला असते. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेली जीवन अमृत सेवा १०४ क्रमांकावर मागणी घेऊन शीतपेटीतले रक्त मोटारसायकलने पोचवी, तेही रुग्णालयापर्यंत. तिथून रुग्णाच्या दारापर्यंतचे अंतर वाहनाचे नव्हे, जबाबदारीचे आहे: पेटी कोणी कधी उघडली, पिशवी बाहेर किती वेळ होती, ती टोचणाऱ्याने नाव कोणाला विचारले. न वापरलेली पिशवी रक्तपेढीत परत आली तर तिचा निकालही याच नोंदींवर लागतो. तापमानाचा पुरावा नसेल, तर पिशवी हाताला कितीही गार लागली तरी ती नष्ट करतात.