सदरेवरचा गंजिफा

'सदर' हा शब्द मराठीत दोन कुळांचा आहे. वाड्यात कारभारी जिथे बसतो, कागद वाचले जातात आणि काम आटोपले की बैठकही जमते, ती सदर. इंग्रजी अमदानीत छावणीच्या मुख्य बाजाराला मिळालेले नाव, तेही सदर. नागपूरचे सदर या दुसऱ्या कुळातले. तिथला रस्ता अजून रेसिडेन्सी रोड म्हणवतो. मराठी मुलखातील पत्त्यांचा इतिहास या दोन सदरांच्या दरम्यान घडला, असे आम्हांला वाटते. पहिलीवर गोल पानांचा गंजिफा रंगे. दुसरीबरोबर बावन्न पानांचा चौकोनी जोड घरोघर पोचला. (किनारपट्टीवर पोर्तुगिजांबरोबर तो आधीच उतरला होता, हे खरे.)

बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पाने. आपल्याकडे त्याचे दशावतारी रूप रुजले : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. खेळणारे तिघे, प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची.

सावंतवाडीचे गंजिफे आज बहुतेकांना ठाऊक आहेत. चिंचोक्यांची खळ, लाखेची झिलई, हाताने रंगवलेले अवतार. ही कला विझत असताना १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती सावरली. पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून राणीसाहेब स्वतः शिकल्या. त्याबद्दल कृतज्ञ राहूनही एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. संच विकत घेणारे पुष्कळ आहेत, पण ते तो काचेच्या कपाटात ठेवतात. पाने वाचली आणि डाव गेला. वस्तू जपायला कपाट पुरते. नियम जपायला तीन माणसे लागतात.

आम्ही तिघे होतो. रंगवलेला संच पिसण्याचे धाडस होईना, म्हणून पुठ्ठ्याच्या १२० चकत्या कापल्या आणि सदरमधल्या एका गच्चीवर बसलो. पहिली अडचण चाळीस गोल पाने हातात धरण्याची. दुसरी अस्सल पंचांगी : तिन्हीसांजेला उतारी रामाची की कृष्णाची? रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत थांबलो आणि कृष्णाची ठरवली.

खरी कसोटी पुढेच. दहांपैकी पाच रंगांत प्रधानाखालोखाल दहा, मग नऊ, असा उतरता क्रम. उरलेल्या पाचांत तो उलटा. तिथे प्रधानानंतर एक्का थोर आणि दहा सर्वांत हलके. हा कोणाचा लहरीपणा नव्हे. मोगल गंजिफ्यातही चार रंग सुलटे, चार उलटे. आणि युरोपातल्या ओंबर व तारो या जुन्या खेळांत प्याले आणि नाणी या रंगांचा क्रम असाच फिरवलेला सापडतो. एवढ्या दूरच्या खेळांत हीच खोड आढळावी, यावरून ती किती जुनी असेल याची कल्पना येते.

त्याहून मोठा फरक हुकमाचा. मेंढीकोटात हुकूम ठरला की हुकमाची दुर्री दुसऱ्या रंगाचा राजा मारते. गंजिफ्यात हुकमाचा रंगच नाही. एखाद्या पानाचे बळ वाढते ते फक्त वरची पाने खेळून संपल्यावर. राजा आणि प्रधान पडले की एखाद्या रंगाचे दहा, दुसऱ्याचा एक्का आपोआप मोठा होतो. पण काय पडले हे ज्याच्या ध्यानात आहे त्यालाच ते कळते. दहा रंगांचा हा हिशेब डोक्यात ठेवायचा. दप्तरातल्या नोंदी तोंडपाठ असणाऱ्या कारकुनाला हा खेळ का आवडत असेल, हे त्या रात्री उमगले. आमच्यापैकी जे छंद आणि वृत्ते धडाधड सांगतात, त्यांची चौथ्या हातापासूनच त्रेधा उडाली.

'हुकमाचा एक्का' हा वाक्प्रचार अर्थातच बावन्न पानांचा. छापखान्यातून निघालेली स्वस्त पाने बेल्जियमच्या टर्नहाउटसारख्या गावांतून हिंदुस्थानात येऊ लागली, त्यांच्यापुढे हाताने रंगवलेली चकती टिकणार नव्हती. पण केवळ किमतीने खेळ बदलतो असेही नाही. तेरा पाने हातात मावतात, चार माणसे भिडूंच्या दोन जोड्या करतात, आणि हुकमामुळे दुबळ्या हातालाही आशा राहते. गंजिफा या बाबतीत निष्ठुर आहे.

दुसऱ्या बैठकीला एक विद्यार्थिनी बघायला आली होती. सगळे राजे मांडून झाल्यावर तिने राणी कुठे आहे असे विचारले. गंजिफ्यात राणी नाही. राजा आणि त्याचा प्रधान, एवढाच दरबार. तिने थोडा वेळ पाने न्याहाळली, मग आमच्यातल्या एकाला उठवून त्याच्या जागी बसली. उलट्या रंगांचा क्रम तिने तीन डावांत पाठ केला.